मे-जूनमध्ये काय केलंत?

प्रमिला गेल्याचं मला दुकानात कळलं. मे महिन्यातला पहिला शनिवार. समोर डोंबिवलीची एक मुलगी बसलेली, तिचा बायोडाटा स्क्रीनवर उघडा, आणि मी तिच्याशी वाद घालत होते की अगं, संशोधन संस्थेला तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव आणि व्यवसाय कशाला सांगायचा, ते काय तुझं स्थळ बघायला येणारेत का. तेवढ्यात फोन वाजला. दिलीपभाऊंचा, म्हणजे प्रमिलाच्या मिस्टरांचा. ते मला कधी फोन करत नाहीत. "ताई, प्रमिला गेली," म्हणाले. मी म्हटलं, "आज कशी? आज तर शनिवार ना?" कारण प्रमिला गेली म्हटलं की नदीवर गेली एवढंच माझ्या डोक्यात यायचं, आणि नदीवर ती रविवारी जायची. ते म्हणाले, "ताई, हॉस्पिटलातून बोलतोय." मग मला समजलं. सकाळी चहा करता करता छातीत दुखलं, हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचली, आत पोचली नाही. चोपन्न वर्षांची होती. मी अडुसष्टची. माझ्या आधी जायचा तिला काही एक अधिकार नव्हता, आणि हे मी तिला तोंडावर ऐकवलं असतं.

सोमवारी तिच्या कॉलेजचा शोकसंदेश फिरत फिरत माझ्या फोनवर आला. "त्या आमच्या महाविद्यालयात काही काळ तासिका तत्त्वावर कार्यरत होत्या. स्वभावाने अत्यंत शांत व मनमिळाऊ होत्या." मी तो तीनदा वाचला. शांत? प्रमिला? ज्यानं कोणी हे लिहिलं त्यानं तिला एखाद्या पोराचा अर्ज तपासताना पाहिलेलं नाही. पण ते सोडा. ते 'काही काळ' हे दोन शब्द माझ्या घशात जे अडकलेत ते आज महिना होऊन गेला तरी खाली उतरत नाहीत. काही काळ म्हणजे किती हो? त्या एका कॉलेजात सोळा वर्षं शिकवलं तिनं. आता ज्यांच्या घरात कोणी प्राध्यापकीच्या वाटेला गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, तासिका तत्त्व म्हणजे काय. जेवढे तास शिकवलं तेवढेच तास तुम्ही तिथले. जुलैत नेमणूक, मार्चमध्ये कार्यमुक्त. एप्रिल, मे, जून तुम्ही कोणीच नाही. पुन्हा जुलैत नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि तीच माणसं तुम्हाला विचारणार, "आपला परिचय करून द्या." सोळा वर्षं तिनं त्याच माणसांना आपला परिचय करून दिला. आणि शेवटी त्यांनी तिचा जो परिचय करून दिला तो हा. काही काळ! म्हणून हा लेख लिहायला बसले. मी लेखिका नाही, मी टायपिस्ट आहे. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं उतरवलं. हे पहिलंच माझं.

माझं शिक्षण म्हणाल तर दहावी नापास, गणितात. लग्न होऊन कल्याणला आले, मिस्टरांनी कोर्टाजवळच्या एका म्हाताऱ्या टायपिस्टचं जुनं मशीन घेतलं, आणि त्यांच्या आधी मीच त्याच्यावर बसले. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा सगळे म्हणाले, आता कुंदाचं दुकान बंद. मी पुस्तकात बघून बघून शिकले. इंग्रजी मला थिसिस टाईप करता करता आलं, स्पेलिंग आधी आणि अर्थ नंतर. बस डेपोच्या मागच्या गल्लीतलं आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथकडच्या पीएच.डी.वाल्यांना ठाऊक असतं, ते असं. प्रमिलाही थिसिस घेऊनच आलेली. शहाडला राहायची, वडील गिरणीत होते, घरातली पहिली एम.एस्सी. विषय आपल्या उल्हास नदीचं पाणी. मी टाईप करताना एका ठिकाणी अडले. "अगं, ही पांढरी-काळी थाळी म्हणजे काय?" दुसऱ्या दिवशी ती थाळीच घेऊन आली. साधी स्टीलची, घरातली जेवायची, चार भाग करून आलटून-पालटून पांढऱ्या-काळ्या रंगानं रंगवलेली, मधोमध भोक, आणि खाली वजन बांधलेली दोरी. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. "ही पाण्यात सोडायची, ताई. दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पाणी किती स्वच्छ ते कळतं." मी म्हटलं, "एवढंच? याला पीएच.डी. देतात?" ती इतकी हसली. "यालाच देतात. पण दर आठवड्याला सोडावी लागते." तिथून आमचं जमलं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगायला मला तोंड नाही.

तासिकेवर अकरा वर्षं झालेली तेव्हाची गोष्ट. ठाण्याच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. कायम! तुम्हाला कल्पना नाही त्या शब्दाची. तिच्या विषयात आपल्या बाजूला किती तरी वर्षांत निघालेली ती एकच जागा. घाईघाईत ती पेनड्राइव्ह देऊन गेली, म्हणाली, "ताई, जरा नीट करून प्रिंट काढून ठेवा, मी उद्या लेक्चरला जाता जाता सही करून घेऊन जाईन." फाईल उघडली. अनुभवाच्या रकान्यात अकरा ओळी. जुलै ते मार्च. जुलै ते मार्च. जुलै ते मार्च... दात पडलेल्या तोंडासारखं पान दिसत होतं. कॉलेज तेच, विषय तोच, पद तेच. मग अकरा वेळा कशाला? मी तिच्या भल्यासाठी त्या अकरा ओळींची एक ओळ केली. पहिला जुलै घेतला, शेवटचा मार्च घेतला, मध्ये एक रेघ मारली, पुढे 'सलग अकरा वर्षे' असं इंग्रजीत टाकलं आणि ठळक केलं. काय सुंदर दिसायला लागलं पान! मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. सकाळी ती धावत आली, पहिलं पान न बघताच शेवटच्या पानावर सही केली, आणि गेली.

मुलाखतीला कागद तपासायला एक गृहस्थ बसलेले. त्यांनी बायोडाटा एका हातात धरला, कॉलेजची सर्टिफिकेटं दुसऱ्या हातात. "बाई, तुम्ही सलग लिहिलंय. इथे तर दरवर्षी खंड आहे. ही माहिती खोटी ठरते." मुलाखत झालीच नाही. आत जाऊन शिकवण्याबद्दल, नदीबद्दल, तिच्या पेपरबद्दल एक शब्द बोलायची पाळी आली नाही. बारा वाजता गेलेली, साडेबाराला बाहेर.

ती ठाण्याहून थेट दुकानात आली. मी उत्साहानं विचारलं, "काय गं, पेढे कुठायत?" तिनं पान माझ्यासमोर ठेवलं आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे कोणी केलं, ताई?" मी म्हटलं, "मी." "का?" माझ्या तोंडातून आलं ते असं, "अगं, बरं दिसत नव्हतं ते..."

ती रडली नाही, ओरडली नाही. पर्स मांडीवर घेऊन समोर बसली. मग म्हणाली, "बरं नाहीच आहे ते. मग बरं कसं दिसेल?"

हे वाक्य मी माझ्या कॉम्प्युटरच्या वर चिकटवून ठेवायला हवं होतं. मीच रडायला लागले, तेव्हा उलट तिनंच मला पाणी दिलं. थोड्या वेळानं तिनं दुसरी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काढा फाईल. आता सगळं खरं टाईप करायचं." आम्ही ती एक ओळ पुसली आणि पुन्हा अकरा केल्या. पण ती तेवढ्यावर थांबेना. म्हणाली, प्रत्येक ओळीखाली जी मोकळी जागा आहे ना, तिथेही लिहा. एप्रिल ते जून, खंड. कारण: महाविद्यालयाने नेमणूक दिली नाही. अकरा वेळा लिहा. मी म्हटलं, "अगं बाई, हे वाचून कोण ठेवेल तुला? आपली उणी बाजू आपणच छापायची?" ती म्हणाली, "ही माझी उणी बाजू आहे का? नीट वाचा. कारण काय लिहिलंय?" मी टाईप करत गेले. चौथ्या-पाचव्या खंडाला माझी बोटं थांबली आणि मी सहज विचारलं... खरंच सहज, गुन्हेगार माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो तसं... "पण प्रमिला, मे-जूनमध्ये तू करायचीस तरी काय?"

ती म्हणाली, "नदीवर जायचे. दर रविवारी."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. कॉलेज बंद असतं, नदी कुठे बंद असते?"

"मग ते कुठाय यात?"

ते कुठेच नव्हतं. अकरा उन्हाळे ही बाई शहाडच्या पुलाखाली उतरून, जलपर्णी काठीनं बाजूला सारून ती थाळी पाण्यात सोडत होती, वहीत गाठी लिहीत होती, पाण्याची बाटली भरून घेत होती, आणि तिच्या बायोडाटात त्याचं नाव नाही. का, तर तेव्हा ती कोणाच्याच नोकरीत नव्हती. पगार नाही म्हणजे काम नाही, असं तिच्याही डोक्यात कोणीतरी घालून ठेवलेलं. आम्ही त्या दिवशी प्रत्येक खंडाखाली एक ओळ घातली. 'स्वतंत्र संशोधन: उल्हास नदी, शहाड, साप्ताहिक नोंदी.' पान काही सुंदर दिसत नव्हतं. पण त्या पानावर आता एक माणूस दिसत होतं, आणि ते तुम्ही काय म्हणाल त्याची वाट बघत उभं होतं.

ठाण्याची जागा गेली ती गेलीच. कायम हा शब्द तिच्या वाट्याला परत आला नाही, शेवटपर्यंत नाही. मी इथे उगाच गोड करून सांगणार नाही. पण दीड वर्षानं एका संशोधन प्रकल्पाला माणूस हवं होतं, नद्यांच्या पाण्यावरच, तिथे तिनं तोच बायोडाटा जसाच्या तसा पाठवला. मी घाबरले होते. मुलाखतीत एका वयस्कर शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं म्हणे, "हे खंड तुम्ही कशाला लिहिलेत?" प्रमिला म्हणाली, "मॅडम, लिहिले नाहीत, झालेत." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हा उन्हाळ्यातला डेटा दुसऱ्या कोणाकडे असेल?" तर ही म्हणते, "नसावा. बाकीच्यांना मे महिन्यात पगारी सुट्टी असते." तीन वर्षं तिनं त्या प्रकल्पावर काम केलं, तिचे दोन पेपर आले, पहिलं नाव तिचं. प्रकल्प संपला, आणि जुलैत ती पुन्हा त्याच कॉलेजात, त्याच माणसांसमोर, आपला परिचय करून द्यायला.

पण ती दुसरी खुर्ची तिची झाली ती झालीच. रविवारी सकाळी नदीवर, तिथून शेअर रिक्षानं थेट माझ्या दुकानात. ओली थाळी कॅलेंडरच्या शेजारच्या खिळ्याला अडकवायची, चहा सांगायची, आणि मग लाईन लागायची. कोणाला पीएच.डी.नंतरच्या पोस्ट-डॉकला अर्ज करायचा, कोणाला प्रकल्प सहायकाची जागा, कोणाला नेट झाल्यावर पहिली प्राध्यापकी. हे सगळं ती फुकट करायची. आणि काय बोलायची एकेकाला! एक मुलगा चौतीस सेमिनारांना हजर राहिल्याची यादी घेऊन आलेला. ती म्हणाली, "अरे, तू बसलेलास हे कळलं. उठून काय केलंस?" एकीनं शेवटी छंद लिहिलेले, वाचन आणि पर्यटन. "उंची आणि रंग राहिला बघ, तेवढं टाक म्हणजे हाच कागद लग्नालाही चालेल." मुली हमखास आपल्या गाईडचं नाव आपल्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात टाकायच्या, मग ती मला म्हणायची, "ताई, सरांना दोन पॉइंट खाली उतरवा." जागा शिकवण्याची असेल तर शिकवलेलं वर घ्यायची, संशोधनाची असेल तर संशोधन वर. म्हणायची, कागद एकच ठेवून दहा दारांना चिकटवू नका, त्यांनी जाहिरातीत काय मागितलंय ते आधी वाचा. पण तिचा खरा राग होता तो 'करण्यात आले' यावर. नमुने गोळा करण्यात आले, यंत्र हाताळण्यात आले. "कोणी केलं?" असं ती इतक्या जोरात विचारायची की शेजारचा मोबाईलवाला डोकावून बघायचा. "कोणी केलं ते आधी मराठीत सांग. मी केलं, असं म्हण. मोठ्यानं म्हण." पोरं लाजायची. आपल्याकडे मी मी करायचं नाही असं लहानपणापासून शिकवलेलं, ते असं अर्जाच्या वेळी आडवं येतं. मुली तर डोळ्यांत पाणी आणून म्हणायच्या, "मी केलं." मग ती मला म्हणायची, "टाका आता इंग्रजीत."

आणि सगळ्यांत शेवटी, तारखा बघून झाल्या की विचारायची, "मे-जूनमध्ये काय केलंस?" मे-जून हे नुसतं नाव. कोणाचं मे-जून सहा महिन्यांचं असायचं, कोणाचं तीन वर्षांचं. ठाण्याच्या कोपरीची स्नेहल आली तेव्हा तिचं दोन वर्षांचं होतं. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी., हुशार पोरगी, आणि बायोडाटात दोन वर्षं अशी काही खुबीनं गायब केलेली की मलाही आधी कळलं नाही. तिनं तारखांतले महिने काढून नुसती वर्षं ठेवलेली. प्रमिलाला कळलं. "काय केलंस दोन वर्षं?" स्नेहल मग हळूच म्हणाली, "काही नाही मॅडम. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घरीच होते." प्रमिला खुर्चीतून उठलीच. "काही नाही? एका माणसाचं दोन वर्षं सगळं केलंस आणि काही नाही?" मग खाली बसून शांतपणे म्हणाली (तेवढ्यापुरती होती ती शांत!), "एक ओळ लिही. कुटुंबातील आजारपणामुळे दोन वर्षे विराम. सॉरी लिहायचं नाही, कारणं द्यायची नाहीत, मखलाशी करायची नाही. एक ओळ, आणि मान वर." स्नेहलला त्याच वर्षी मुंबईच्या एका संस्थेत संशोधनाचं काम मिळालं. ती आजही आहे तिथे.

या सगळ्यात प्रमिला प्रत्येकाला सांगायची, "हा प्रश्न माझा नाही हं, ताईंचा. पहिल्यांदा त्यांनी मला विचारला." मी ओशाळायचे. कारण तो प्रश्न मला का सुचला होता ते आम्हा दोघींनाच ठाऊक. ती मला छळायची पण, "ताई, एवढे बायोडाटे केलेत, तुमचा कुठाय?" मी म्हणायचे, "माझा काय करायचाय? दहावी नापास, पुढे रेघ." ती म्हणायची, "बघू या हं ती रेघ एकदा."

ते राहिलंच.

ती गेली त्याच्या पुढच्या गुरुवारी तिच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, भन्तेजी बोलले, लोक पांगले. मी दिलीपभाऊंजवळ बसले आणि इतकी वर्षं मनात होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, "भाऊ, तिची ठाण्याची नोकरी माझ्यामुळे गेली." ते म्हणाले, "माहितेय मला. तिनं तुम्हाला पुढचं सांगितलं नाही का?" मी म्हटलं, "कोणतं पुढचं?" तर ते म्हणाले, त्या गृहस्थांनी तिला एक संधी दिली होती. म्हणाले होते, "ही टायपिंगची चूक असेल तर तसं लिहून द्या, टायपिस्टचं नाव टाका, आम्ही बघतो." आणि ही म्हणाली, "खाली सही माझी आहे." आणि उठून आली... बारा वाजता गेलेली, साडेबाराला बाहेर. एवढ्या वर्षांत एका शब्दानं मला बोलली नाही. दुकानाच्या नावाचा एक कागद देऊन तिला कदाचित कायम मिळालं असतं. मी तिच्यावर रागावले. तिथे, तिच्या फोटोसमोर, मनातल्या मनात तिला म्हटलं, अगं, टाकायचं होतंस ना माझं नाव. केलं कोणी? मी केलं. तूच तर सगळ्यांना शिकवायचीस!

निघताना दिलीपभाऊंनी एक पिशवी हातात दिली. आत तिची वही. थाळी दुकानातच होती, खिळ्याला.

त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी स्नेहलला फोन केला. ती कोपरीहून कल्याणला आली, आम्ही दोघी रिक्षानं शहाडला गेलो. माझे गुडघे हे असे, उतारावर तिनं हात धरला. काठावर जलपर्णीचा हा एवढा गालिचा, स्नेहलनं काठीनं बाजूला सारला. थाळी मी सोडली. स्नेहल म्हणाली, "मावशी, सावलीच्या बाजूनं," म्हणून सरकले. पांढरं दिसतंय, दिसतंय, भुरकट झालं, आणि गेलं. मी दोरी धरून गाठी मोजल्या. परत वर घेतली, परत सोडली, कारण दोनदा बघायचं असतं. मग दगडावर बसून वही उघडली. तारीख, वेळ, गाठी, शेरा, आणि शेवटच्या रकान्यात नोंद घेणाऱ्याचं नाव. पानंच्या पानं एकच अक्षर, 'प्र.' एप्रिलच्या शेवटच्या रविवारी 'प्र.' आणि त्याच्याखाली कोरी ओळ. तो मधला रविवार. ती शनिवारी गेली, रविवारी नदीवर कोण येणार होतं?

आता मी काय केलं ते ऐका. माणूस शिकत नाही हो. एवढं सगळं होऊन मी स्नेहलला म्हटलं, "त्याच्या आधीच्या रविवारी पाच गाठी आहेत, आज चार. मधल्याला साडेचार टाकू या का? तेवढाच एक चुकलाय गं एकोणीस उन्हाळ्यांत. सलग दिसेल. आणि नावही प्र.च टाकू या, शेवटचं..." स्नेहल थाळीची दोरी गुंडाळायला लागली. माझ्या हातात पेन, आणि पेन टेकवणार एवढ्यात मला ते ऐकू आलं. भुताखेतांचं म्हणत नाही मी, आपल्याच डोक्यात ऐकू येतं ना, तसं. बरं नाहीच आहे ते, ताई. मग बरं कसं दिसेल?

मी त्या कोऱ्या ओळीत तारीख घातली. गाठींच्या रकान्यात रेघ. शेऱ्यात लिहिलं, 'खंड. कारण: प्रमिला वारली.' एकोणीस उन्हाळ्यांत पडलेला तो पहिला खरा खंड आहे आणि तो तसाच दिसला पाहिजे, वाचणाऱ्याला ठेच लागली पाहिजे तिथे. बाकीचे जे खंड कॉलेजनं तिच्या कागदावर पाडले, ते तिचे नव्हतेच. त्या सगळ्या मे-जूनमध्ये ती इथे होती, याच दगडावर, आणि त्याचा पुरावा माझ्या मांडीवर होता. ज्यांना 'काही काळ' म्हणजे किती हे बघायचं असेल त्यांनी दुकानात यावं, वही दाखवते. आणि पुढच्या ओळीत आजच्या चार गाठी लिहिल्या आणि शेवटच्या रकान्यात माझं नाव घातलं. 'कुं.' नाही. पूर्ण, कुंदा. केलं कोणी? मी केलं.

त्यानंतरचा एकही रविवार चुकलेला नाही. आता जून अर्ध्यावर आलाय, पाणी गढूळ व्हायला लागलंय, गाठी तीनवर आल्यात. नदीवरून येते, थाळी कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला अडकवते, तिचं पाणी खालच्या टेबलावर ठिबकत राहतं, मी फडकं घालत नाही. दुसरी खुर्ची मी उचलून ठेवलेली नाही. पोरं येतात, तिच्यावर बसतात, आणि मी पहिल्यांदा त्यांना तारखा विचारते. आणि हो, एक नवी फाईल काढलीय. वर माझं नाव. शिक्षण, दहावी नापास. पुढे रेघ मारली नाही. खाली अनुभव, त्यात एकच ओळ आहे सध्या: 'उल्हास नदी, शहाड, साप्ताहिक नोंदी. मे-जून.'